घरातील संगणकांचे रिमोट लॉगिन: नकार कसा वाचावा

एका घरात दोन संगणक नांदू लागले, की एकासमोर बसून दुसऱ्याचा कारभार पाहता यावा, अशी इच्छा उत्पन्न होणे अगदी स्वाभाविक आहे. दिवाणखान्यातील डेस्कटॉपवर ठेवलेली हिशेबाची फाइल माडीवरच्या लॅपटॉपवरून उघडावी, वडिलांच्या संगणकात काही बिघाड झाला तर त्यांना खुर्चीवरून न उठवता तो दुरुस्त करावा, किंवा फडताळात ठेवून दिलेल्या तळहाताएवढ्या रास्पबेरी पायला स्क्रीन आणि कीबोर्ड न जोडताच हुकूम सोडावेत, ही सर्व कामे आज पैचाही जादा खर्च न करता होऊ शकतात; कारण त्यांसाठी लागणारी साधने विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींबरोबर बहुधा फुकटच येतात. परंतु ज्यांनी हा उद्योग आरंभिला आहे त्यांच्यापैकी पुष्कळांचा अनुभव असा, की सर्व सूचना बिनचूक पाळूनही ऐन वेळी स्क्रीनवर एक तुटक इंग्रजी वाक्य उमटते, आणि प्रवेश काही मिळत नाही.

अशा वेळी मनुष्य जे करू नये तेच नेमके करतो. तो राउटर बंद करून पुन्हा चालू करतो, फायरवॉल समूळ काढून टाकतो, पासवर्ड बदलतो, कुठल्याशा व्हिडिओत सांगितलेली चार सेटिंगे फिरवतो. आणि हे सर्व एकाच बैठकीत केल्यामुळे, पुढे लॉगिन साधलेच तर ते कशाने साधले हे त्याला उमगत नाही, व न साधले तर मूळ दोष जागच्या जागी राहून त्यात स्वहस्ते निर्माण केलेल्या दोन नव्या दोषांची भर पडलेली असते. या लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे, की नकाराची भाषा जो शांतपणे वाचील त्याला बहुतेक वेळा एकाहून अधिक गोष्टींना हात लावावा लागत नाही. कारण संगणक नकार देतो तेव्हा आपले काम कोणत्या टप्प्यावर अडले आहे, हेही तो त्याच वाक्यात सांगत असतो.

हे टप्पे चार आहेत. सरकारी कचेरीत अर्ज घेऊन जाणाऱ्याला प्रथम कचेरीचा पत्ता ठाऊक असावा लागतो, मग तिथवरचा रस्ता खुला असावा लागतो, पोहोचल्यावर खिडकीशी कारकून हजर असावा लागतो, आणि अखेरीस आपण कोण याची त्या कारकुनाची खातरजमा करून द्यावी लागते. रिमोट लॉगिनचा क्रम यथातथ्य हाच आहे. पत्ता, वाट, हजेरी आणि ओळख या क्रमानेच तपास करावा, आणि खालचा टप्पा निर्वेध आहे असे सिद्ध झाल्यावाचून वरच्या टप्प्याला हात लावू नये. पत्ताच चुकला असता पासवर्ड बदलीत बसण्याइतका निष्फळ उद्योग दुसरा नाही.

तपासापूर्वी एक खुलासा

घरात प्रचलित असलेल्या लॉगिनच्या रीती मुख्यतः दोन. पहिली एसएसएच ही होय. तिच्यात दुसऱ्या संगणकाला अक्षरी आज्ञा देता येतात आणि तिचे नेमलेले पोर्ट २२ आहे. दुसरी विंडोजची रिमोट डेस्कटॉप; तिच्यात दुसऱ्या संगणकाची संपूर्ण स्क्रीन आपल्यासमोर येते आणि तिचे पोर्ट ३३८९ आहे. एसएसएचच्या पूर्वी हेच काम टेलनेट करीत असे. परंतु त्यात पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जात असल्यामुळे मधला कोणीही तो वाचू शके, आणि हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डचोरीचा असाच प्रकार उघडकीस आल्यानंतर तेथील तातू इलोनेन यांनी १९९५ साली एसएसएचची रचना केली. आजही एखाद्या जुन्या राउटरात किंवा कॅमेऱ्यात टेलनेटची सोय आढळते. तिच्या वाटेस जाऊ नये.

आणखी एक गोष्ट आरंभीच पाहून घ्यावी, म्हणजे पुढील सारा खटाटोप वाचण्याचा संभव आहे. विंडोजच्या 'होम' आवृत्तीचा संगणक रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्याकडे जाऊ शकतो, परंतु दुसऱ्याला आपल्याकडे येऊ देत नाही. ती मुभा 'प्रो' आणि तिच्या वरच्या आवृत्त्यांनाच आहे. घरासाठी घेतलेल्या पुष्कळ लॅपटॉपांवर होम आवृत्तीच असते, आणि त्यांच्यापुरता हा प्रश्न दुरुस्तीचा नसून परवान्याचा आहे. 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टम'च्या 'अबाउट' पानावर आवृत्तीचे नाव स्पष्ट लिहिलेले असते. होम आवृत्तीच असेल तर एसएसएचचा सर्व्हर बसवून घ्यावा, किंवा तिऱ्हाईत कंपनीचे स्क्रीन दाखविणारे सॉफ्टवेअर वापरावे. पण नसलेल्या कळीच्या शोधात रात्र दवडू नये.

पहिला टप्पा: पत्ता

ज्या संगणकात शिरावयाचे आहे त्याच्यासमोर प्रत्यक्ष बसून त्याचा आयपी पत्ता पाहावा. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' आणि लिनक्सवर 'आयपी अ‍ॅड्र' ही आज्ञा तो सांगते. घरगुती पत्ते बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतात. क्वचित १० ने, किंवा १७२.१६ ते १७२.३१ या पट्ट्यातील अंकांनीही होतात. मात्र येथे एक फसगत वारंवार होते. ज्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स, विंडोजमधील लिनक्स किंवा कचेरीचे व्हीपीएन बसविलेले आहे, तेथे ही आज्ञा एक सोडून चार-पाच पत्ते दाखवते, आणि घाईत असलेला मनुष्य त्यांतला पहिला टिपून घेतो. १९२.१६८.५६.१ असा पत्ता दिसला तर तो बहुधा व्हर्च्युअलबॉक्सने संगणकाच्या पोटात निर्माण केलेल्या कल्पित जाळ्याचा असतो. माडीवरच्या लॅपटॉपला तो जन्मभर सापडणार नाही. ज्या पत्त्याखाली 'डिफॉल्ट गेटवे' या ओळीत राउटरचा पत्ता भरलेला आहे, तोच घरच्या नेटवर्कवरील खरा पत्ता समजावा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तपास तिथेच थांबवावा. कारण राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळे संगणकाने स्वतःच स्वतःला दिलेला तो तात्पुरता पत्ता आहे. अशा वेळी दोष केबलीत, वायफायच्या जोडणीत अथवा राउटरच्या पत्तेवाटपात असतो. लॉगिनशी त्याचा काडीमात्र संबंध नसतो.

काल चाललेले लॉगिन आज अकस्मात बंद पडते, त्याच्या मुळाशीही बहुधा पत्ताच असतो. राउटर जो पत्ता देतो तो मुदतीच्या बोलीवर देतो, आणि मुदत संपल्यावर किंवा वीज जाऊन आल्यावर तोच पत्ता त्याच संगणकाला मिळेल याची हमी नसते. यावर कायमचा बंदोबस्त म्हणजे राउटरच्या पानावर जाऊन त्या संगणकाच्या नेटवर्क-कार्डाच्या मॅक क्रमांकापुढे एक पत्ता राखून ठेवणे. ही तजवीज करताना त्या संगणकावरील 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस' ही सोय घरच्या वायफायपुरती बंद असल्याची खात्री करावी. अन्यथा संगणक राउटरपुढे नवनव्या क्रमांकाने उभा राहतो, आणि राखून ठेवलेला पत्ता कोणाला द्यावा हे राउटरला कळत नाही.

पत्त्याऐवजी संगणकाच्या नावापुढे 'डॉट लोकल' जोडून लॉगिन करण्याची रीतही सोयीची आहे. मॅकवर आणि रास्पबेरी पायवर ती मुळातच चालते. परंतु 'होस्टनेम सापडले नाही' अशा आशयाचा संदेश आला तर तेच लॉगिन अंकी पत्त्याने करून पाहावे. अंकांनी साधले आणि नावाने साधले नाही, तर बाकी सर्व ठीक असून केवळ नावाच्या नोंदीत खोट आहे, असा निष्कर्ष निःशंकपणे काढता येतो.

दुसरा टप्पा: वाट

पत्ता बरोबर असूनही तिथवर वाट नसेल, हे घराच्या चार भिंतींत संभवतच नाही, असा पुष्कळांचा समज असतो. आणि नेमक्या याच समजामुळे अनेकांचे तास वाया जातात. येथे तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, एका घरात दोन राउटर. इंटरनेट देणारी कंपनी एक यंत्र बसवून जाते, ते स्वतःच पत्ते वाटीत असते. त्यात वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही म्हणून घरमालक बाजारातून दुसरा राउटर आणून पहिल्याला जोडतो, आणि तोही आपले स्वतंत्र पत्ते वाटू लागतो. मग दिवाणखान्यातील संगणकाचा पत्ता १९२.१६८.१ चा, तर मागच्या खोलीतील लॅपटॉपचा १९२.१६८.० चा होतो. इंटरनेट दोघांनाही यथास्थित मिळत असल्यामुळे संशयाला जागा राहत नाही. या व्यवस्थेचे मुख्य लक्षण असे, की आतल्या राउटरवरचा लॅपटॉप बाहेरच्या राउटरवरील संगणकात सहसा शिरू शकतो, परंतु उलट दिशेने प्रवेश होत नाही. जेथे लॉगिन एकाच दिशेने चालते, तेथे दोन राउटरांचा संशय सर्वप्रथम घ्यावा. दोन्ही संगणकांच्या पत्त्यांतील पहिले तीन अंक ताडून पाहिले, की घरगुती जाळ्यात शहानिशा होते. उपाय सोपा आहे: दुसऱ्या राउटरला त्याच्या सेटिंगात 'अ‍ॅक्सेस पॉइंट' करून टाकावे, म्हणजे पत्तेवाटपाचा अधिकार एकाच यंत्राकडे राहतो.

दुसरी गोष्ट पाहुण्यांच्या वायफायची. राउटरवरील 'गेस्ट' नेटवर्काचा हेतूच असा असतो, की त्यावर आलेल्याला इंटरनेट मिळावे, पण घरातील इतर यंत्रे दिसू नयेत. कधीकाळी पाहुण्यांच्या नावावर जोडलेला लॅपटॉप तसाच राहून गेला असेल, तर त्याला डेस्कटॉप दिसणार नाही, आणि त्यात राउटरचा काहीच अपराध नाही. काही राउटरांत 'एपी आयसोलेशन' नावाची कळ मुख्य वायफायवरही हाच मज्जाव अमलात आणते. ती बंद आहे ना, हे पाहावे.

तिसरी गोष्ट कचेरीच्या लॅपटॉपची. त्यावर व्हीपीएन चालू असताना पुष्कळ संस्था घरच्या नेटवर्कशी होणारा सारा व्यवहार बंद ठेवतात. व्हीपीएन तोडून पाहिल्यावर लॉगिन झाले, तर कारण स्पष्ट झाले. मात्र संस्थेच्या नियमांना बगल देण्याचा मार्ग शोधू नये.

वाट पाहण्याचे नेहमीचे साधन म्हणजे 'पिंग'. परंतु त्याचे उत्तर वाचण्यातही थोडी सावधगिरी लागते. विंडोजवर पिंग केल्यावर 'रिप्लाय फ्रॉम' या शब्दांनी सुरू होणारी ओळ दिसली, की माणूस हर्षित होतो. परंतु त्या ओळीच्या शेवटी 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असे असेल, आणि उत्तर देणारा पत्ता आपल्याच संगणकाचा असेल, तर तो आपल्याच संगणकाने दिलेला अपयशाचा दाखला आहे. खाली हिशेबात 'शून्य टक्के हानी' असे छापून येते, त्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नये, कारण विंडोज या नकारांनाही उत्तरांतच जमा धरते. उलटपक्षी 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आले म्हणून समोरचा संगणक बंद आहे असेही ठरत नाही. विंडोजची फायरवॉल पिंगला पुष्कळदा उत्तर देऊ देत नाही. अशा वेळी लगेच 'एआरपी' ही आज्ञा, आडवी रेघ आणि 'ए' हे अक्षर जोडून, द्यावी. तिच्या यादीत त्या पत्त्यापुढे मॅक क्रमांक दिसला, तर संगणक जागा आहे, वाट खुली आहे, आणि तो केवळ मौन पाळून आहे, हे सिद्ध होते.

कोणतेच चिन्ह नसेल तर त्या संगणकाजवळ जाऊन तो झोपी गेला आहे काय, हे पाहावे. काही मिनिटे कोणी हात न लावल्यास निद्रा घेण्याचा बहुतेक संगणकांचा शिरस्ता असतो, आणि झोपलेला संगणक कोणाच्याही लॉगिनला उत्तर देत नाही. ज्या संगणकात दुरून शिरावयाचे आहे, त्याची 'स्लीप'ची वेळ 'नेव्हर' करावी.

तिसरा टप्पा: नकार आणि मौन

आता तपासाचा सर्वांत फलदायी भाग येतो. एसएसएचने जोडणी करू जाता दोन वेगळे संदेश येण्याचा संभव असतो: 'कनेक्शन रिफ्यूज्ड' किंवा 'कनेक्शन टाइम्ड आउट'. नवशिक्याला दोन्ही सारखेच वाटतात. वस्तुतः त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला संदेश तत्काळ येतो. त्याचा अर्थ असा, की पत्ता बरोबर होता, वाट खुली होती, समोरच्या संगणकाने आपली हाक ऐकली, आणि त्या पोर्टावर कोणीही हजर नसल्याचे त्याने सरळ कळविले. दुसरा संदेश दीर्घ प्रतीक्षेनंतर येतो, आणि त्याचा अर्थ असा, की हाक कोठेतरी गडप झाली. एक तर ती पोहोचली नाही, किंवा फायरवॉलने ती निमूटपणे टाकून दिली. म्हणून तत्काळ आलेल्या नकाराने हिरमुसून जाऊ नये. मौनापेक्षा नकार केव्हाही बरा, कारण त्याने अर्धा तपास आपोआप पुरा झालेला असतो.

नकार आला असेल तर समोरच्या संगणकावर लॉगिन स्वीकारणारा प्रोग्राम चालू नाही, असे धरून चालावे. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत दुसऱ्याकडे जाण्याची सोय मुळात असते, पण दुसऱ्याला आत घेणारा 'ओपनएसएसएच-सर्व्हर' वेगळा बसवावा लागतो. रास्पबेरी पायच्या प्रणालीत नोव्हेंबर २०१६ पासून एसएसएच मुद्दाम बंद ठेवलेले असते, कारण सर्वत्र एकच ठरीव पासवर्ड असलेली लक्षावधी यंत्रे जगात उघडी पडणे धोक्याचे होते. कार्ड तयार करतानाच ते चालू करून घ्यावे लागते. मॅकवर 'सिस्टम सेटिंग्ज'च्या 'जनरल'मधील 'शेअरिंग' विभागात 'रिमोट लॉगिन' ही कळ आहे. विंडोजवर ओपनएसएसएच सर्व्हर ऐच्छिक घटक म्हणून मिळतो. परंतु तो बसविल्यावर त्याची सुरुवात 'मॅन्युअल' पद्धतीची असते, म्हणून पहिल्या दिवशी चाललेले लॉगिन संगणक पुन्हा सुरू केल्यावर नाकारले जाते. 'सर्व्हिसेस'च्या यादीत त्याची पद्धत 'ऑटोमॅटिक' करून द्यावी.

मौन असेल, आणि वाट खुली असल्याचे मागेच सिद्ध झाले असेल, तर संशय फायरवॉलवर घ्यावा. त्याची कसोटी अशी: ज्या संगणकात शिरावयाचे आहे त्याच्याच समोर बसून त्याने स्वतःमध्येच लॉगिन करावे, म्हणजे एसएसएचला पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' द्यावे. तेथे पासवर्ड विचारला गेला, आणि बाहेरून मात्र मौनच असेल, तर सर्व्हर निर्दोष असून दार फायरवॉलने अडविले आहे. अशा वेळी संपूर्ण फायरवॉल काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. हव्या त्या एकाच पोर्टाला परवानगी द्यावी. उबुंटूवर 'यूएफडब्ल्यू अलाव एसएसएच' एवढी एक आज्ञा, आरंभी 'सुडो' लावून, पुरेशी होते. विंडोजवर प्रथम हे पाहावे, की घरचे वायफाय 'पब्लिक' म्हणून तर नोंदले गेले नाही. कारण तशी नोंद असेल तर विंडोज घरालाही रेल्वे स्थानकावरचे नेटवर्क समजून बरीचशी दारे लावून घेते. ती 'प्रायव्हेट' करावी. अँटिव्हायरससोबत आलेली दुसरी फायरवॉल तैनात असेल, तर तिच्यातही तीच परवानगी द्यावी लागते.

रिमोट डेस्कटॉप हा नकार आणि मौन यांतला भेद आपल्याला स्पष्ट सांगत नाही; तो तीन संभाव्य कारणांची एक ठरीव जंत्री पुढे ठेवतो. म्हणून तेथे पॉवरशेलमधील 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही आज्ञा संगणकाचा पत्ता आणि ३३८९ हे पोर्ट देऊन चालवावी. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आले, तर पहिले तीन टप्पे पार पडले आणि उरलेला वाद केवळ ओळखीचा आहे.

चौथा टप्पा: ओळख

'परमिशन डिनाइड' किंवा 'लॉगिन फेल्ड' हा संदेश आला, की नेटवर्कचा विचार डोक्यातून पार काढून टाकावा. आपण खिडकीपर्यंत पोहोचलो आहोत. फक्त आपण कोण, हे समोरच्याला पटलेले नाही.

प्रथम नाव तपासावे. एसएसएचला वापरणाऱ्याचे नाव दिले नाही, तर ते आपल्या लॅपटॉपवरचेच नाव पुढे करते, आणि त्या नावाचे खाते समोरच्या संगणकावर नसेल तर पासवर्ड अचूक असूनही प्रवेश मिळत नाही. आणि खाते अस्तित्वातच नाही हे सर्व्हर जाणूनबुजून सांगत नाही, तो नेहमीप्रमाणे पासवर्ड विचारीत राहतो. रास्पबेरी पायच्या जुन्या पुस्तकांत 'पाय' हे ठरीव नाव दिलेले असते, पण एप्रिल २०२२ पासून ते खाते आपोआप तयार होत नाही. विंडोजमध्ये स्क्रीनवर दिसणारे संपूर्ण नाव वेगळे आणि खात्याचे खरे नाव वेगळे असू शकते. 'हू अ‍ॅम आय' हे इंग्रजी शब्द सलग लिहून दिलेली आज्ञा ते खरे नाव सांगते.

त्यानंतर पासवर्ड. विंडोजमध्ये रोज चार-सहा आकडी पिन टाकून आत जाणारा मनुष्य तोच पिन दूरच्या लॉगिनला देऊ पाहतो. तो तेथे चालत नाही, कारण पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. खात्याचा मूळ पासवर्डच द्यावा लागतो. तो कित्येकांना आठवतही नाही, आणि मग आधी तो नव्याने ठरविणे क्रमप्राप्त होते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर 'केवळ विंडोज हॅलोने प्रवेश' ही सोय चालू असेल, तर ती बंद करून त्या संगणकावर एकदा समक्ष पासवर्डाने प्रवेश करावा, आणि नंतर दुरून प्रयत्न करावा. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून मुळीच आत घेत नाही. आजोबांच्या सोयीसाठी पासवर्ड काढून टाकलेल्या संगणकावर नेमके हेच घडते.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे अवश्य पाहावे. एसएसएचमध्ये पासवर्ड टाकताना स्क्रीनवर अक्षर तर नाहीच, ठिपकाही उमटत नाही. नुकतेच पत्र लिहून झाले असेल आणि कीबोर्ड इन्स्क्रिप्ट मराठीवरच राहिला असेल, तर बोटे सवयीने इंग्रजी पासवर्डाच्या कळा दाबतात, संगणकाकडे मात्र देवनागरी अक्षरे जातात, आणि न दिसणाऱ्या या अक्षरांमुळे योग्य पासवर्ड पुनःपुन्हा फेटाळला जातो. पासवर्ड प्रथम एखाद्या रिकाम्या फाइलीत टंकून डोळ्यांनी पाहावा, खात्री होताच पुसून टाकावा, आणि मगच तो चुकला असे म्हणावे. कॅप्स लॉकची परीक्षाही यातच होऊन जाते.

ज्यांनी पासवर्डाऐवजी किल्ल्यांच्या जोडीने, म्हणजे एसएसएच-कीने, लॉगिन करण्याची उत्तम पद्धत स्वीकारली आहे, त्यांची अडचण निराळी असते. नकाराच्या संदेशाशेवटी कंसात सर्व्हरला मान्य असलेल्या रीतींची नावे असतात. तेथे 'पब्लिक-की' एवढेच असेल, तर पासवर्ड विचारण्याची त्याची तयारीच नाही, हे ओळखावे. सार्वजनिक किल्ली योग्य फाइलीत असूनही नकार येत असेल, तर समोरच्या लिनक्सची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडावी. तीत 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' असे शब्द दिसले, तर किल्ली बरोबर आहे, परंतु ती ठेवलेली जागा इतरांना लिहिण्यास खुली असल्यामुळे सर्व्हर तिच्यावर विश्वास ठेवीत नाही. 'डॉट एसएसएच' या फोल्डराला ७०० आणि त्यातील 'ऑथराइज्ड-कीज' फाइलीला ६०० अशी परवानगी दिली, आणि स्वतःच्या होम फोल्डरावर इतरांना लिहिण्याचा अधिकार ठेवला नाही, की ही तक्रार मिटते. विंडोजवर तर एक विशेष बाब आहे: खाते प्रशासकाचे असेल तर सर्व्हर त्या व्यक्तीच्या फोल्डरातील फाइल पाहतच नाही, 'प्रोग्रामडेटा'मधील 'एसएसएच' फोल्डरात प्रशासकांसाठी असलेली स्वतंत्र फाइलच तो प्रमाण मानतो.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर एसएसएचच्या आज्ञेला आडवी रेघ आणि लहान लिपीतील 'व्ही' जोडावे. मग ते प्रत्येक पाऊल बोलून दाखविते: कोणती फाइल उघडली, कोणती किल्ली पुढे केली, ती कोठे नाकारली. शेवटच्या आठ-दहा ओळींत कारण बहुधा उघड होते.

ओळख बदलल्याचा इशारा

कधी कधी '@' या चिन्हांच्या चौकटीत, मोठ्या अक्षरांत, समोरच्या संगणकाची ओळख बदलल्याचा गंभीर इशारा येतो आणि एसएसएच पुढे जाण्यास साफ नकार देते. प्रत्येक सर्व्हरची एक स्वतःची किल्ली असते. पहिल्या भेटीत तिचा ठसा आपला संगणक नोंदवून ठेवतो, आणि पुढच्या प्रत्येक वेळी ताडून पाहतो. घरात हा ठसा जुळेनासा होण्याची निर्दोष कारणे दोन असतात: समोरच्या संगणकावर प्रणाली नव्याने बसविली गेली, किंवा त्याचा जुना पत्ता राउटरने दुसऱ्याच संगणकाला दिला. तिसरे कारण, म्हणजे मध्येच कोणी तोतया बसला असणे, घरात विरळा असले तरी अशक्य नाही. म्हणून इशारा दिसताच जुनी नोंद खोडून टाकण्याची घाई करू नये. समोरच्या संगणकावर बसून 'एसएसएच-कीजेन'च्या साह्याने त्याचा ठसा पाहावा, आपल्या स्क्रीनवरच्या ठशाशी तो अक्षरशः जुळतो का ते पडताळावे, आणि मगच त्या पत्त्याची जुनी नोंद काढून नवी होऊ द्यावी.

शेवटी दोन शब्द बंदोबस्ताचे

घरातले लॉगिन जमले, की तेच बाहेरगावाहून जमावे असे वाटू लागते, आणि राउटरवर पोर्ट २२ किंवा ३३८९ बाहेरच्या जगाला उघडून देण्याचा सोपा मार्ग कोणीतरी सुचवितो. तो मार्ग कटाक्षाने टाळावा. उघडे पोर्ट हुडकीत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात, आणि उघडलेल्या दारावर त्यांचे पासवर्डाचे प्रयोग लवकरच सुरू होतात. बाहेरून यावयाचेच असेल तर वायरगार्डसारखे व्हीपीएन घरी बसवावे, आणि लॉगिन त्याच्या आतूनच करावे.

वाचकांना अखेरची विनंती एवढीच, की घरातील प्रत्येक संगणकाचे नाव, राखीव पत्ता, खात्याचे खरे नाव आणि चालू केलेली लॉगिनची रीत एका वहीच्या पानावर लिहून ठेवावी, पासवर्ड मात्र त्या पानावर लिहू नये, आणि तपासाच्या वेळी एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम त्याच पानावर नोंदवावा. हा शिरस्ता जे पाळतील, त्यांना पुढील नकाराच्या वेळी बाहेरचा जाणकार बोलावण्याची पाळी क्वचितच येईल.